जपानी पोर्सेलीनचा संग्रह: सुरुवात घरच्या कपाटापासून

सोनेरी काठाच्या पातळ कपबश्या, निळ्या-लाल नक्षीची एखादी मोठी ताटली, गौरीपुढच्या आराशीत वर्षातून एकदाच बाहेर येणाऱ्या चिनी मातीच्या बाहुल्या. सोलापुरातल्या जुन्या घरांत अशा वस्तू अजून आहेत. घरची मंडळी त्यांना सरसकट चिनी मातीची भांडी म्हणतात आणि बहुधा विलायतेहून आलेली समजतात. त्यातली एखादी बशी हलक्या हाताने उलटी करून पाहा. तळाशी जपानचं नाव निघण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. जपानी पोर्सेलीनचा संग्रह करायची इच्छा असेल, तर पहिला शोध स्वतःच्या आणि नात्यातल्या घरांतून घ्यावा. लिलावाच्या याद्या, इंटरनेटवरची दुकानं, मुंबईचा चोर बाजार हे सगळं त्यानंतर.

या वस्तू आपल्याकडे आल्या त्या कापसामुळे. जपानमध्ये सूतगिरण्या वाढल्या तेव्हा त्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता. जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने आणि निप्पॉन युसेन काइशा या कंपनीच्या जहाजांनी १८९३ मध्ये मुंबई ते जपान अशी थेट वाहतूक सुरू झाली. कापसाच्या गासड्या तिकडे जात आणि तिकडून रेशीम, काड्यापेट्या, छत्र्या, काचसामान, खेळणी आणि चिनी मातीची भांडी येत. मुंबईत उतरलेला माल रेल्वेने आत जायचा आणि सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच आली होती. जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, मागोमाग इतर गिरण्या आल्या, पेठांमध्ये व्यापारी स्थिरावले आणि चहाचा कप ही पाहुण्यासमोर ठेवायची मानाची वस्तू झाली. पुढे याच गिरण्यांना स्वस्त जपानी कापडाने जेरीला आणलं. १९३३ मध्ये सरकारने अशा कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, जपानने उलट आपल्या कापसावर बहिष्कार घातला आणि १९३४ मध्ये दोन्ही बाजूंत करार झाला. गिरणगावाच्या एका घरात जपानी कपबशी ठेवलेली असणं या सगळ्या घडामोडींचा पुरावा आहे. म्हणूनच मला ती एखाद्या दूरच्या राजवाड्यातल्या फुलदाणीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. सोलापुरात राहून संग्रह करायचा असेल, तर साधारण १८९० ते १९५२ या काळातला जपानी निर्यातीचा माल हे आपलं क्षेत्र ठरवा. तो अजून आपल्या परिसरात सापडतो आणि त्याच्या मागची हकिकत सांगणारी माणसंही काही घरांत आहेत. त्यात पैसे बुडाले तरी फार बुडत नाहीत. सतराव्या शतकातली अस्सल इमारी किंवा काकिएमोन शैलीची वस्तू ओळखायला वर्षांचा सराव लागतो आणि अशा वस्तूंच्या बाजारात नकलाही तितक्याच आहेत. त्या वस्तू जरूर पाहाव्यात, पण संग्रहालयात.

तळ वाचायला शिका

अनुभवी संग्राहकाच्या हातात कप द्या. तो नक्षीकडे नंतर पाहतो, आधी कप उलटा करतो. कारण तळ फारसा सजवलेला नसतो आणि वस्तूची खरी माहिती बहुतेक वेळा तिथेच असते.

शिक्क्यांचा हिशेब अमेरिकेच्या कायद्यांशी जोडलेला आहे. १८९०च्या तिथल्या जकात कायद्यानुसार १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं सक्तीचं झालं. जपानी कारखानदार तेव्हा 'निप्पॉन' लिहीत. १९२१ मध्ये अमेरिकेच्या जकात खात्याने ते नाव नाकारलं आणि 'जपान' हाच शब्द हवा असा आग्रह धरला. तेव्हापासून 'जपान' किंवा 'मेड इन जपान' असे शिक्के रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला आणि २८ एप्रिल १९५२ पर्यंत दोस्तांच्या ताब्यात राहिला. त्या काळातल्या काही निर्यात मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं सापडतं. या शिक्क्याचा काळ इतका आखूड आणि नेमका आहे की केवळ त्याच वस्तू जमवणारे लोक जगभर आहेत. असा कप हाती आला तर साधा असला तरी सोडू नका.

इथे एक सावधगिरी हवी. हे नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाचे होते. आपल्याकडे येणाऱ्या मालावर शिक्का असेलच असं नाही आणि पुष्कळदा नुसती कागदी चिठ्ठी चिकटवलेली असे, ती पहिल्याच धुण्यात जायची. त्यामुळे शिक्का नाही म्हणजे वस्तू १८९१च्या आधीची, हा दुकानदाराचा युक्तिवाद मान्य करू नका. शिक्का वस्तूचं वय सांगतो, शिक्क्याचा अभाव काहीच सांगत नाही.

कारखान्याचं नाव असेल तर काम आणखी सोपं होतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटतं ते नोरिताके. मोरिमुरा बंधूंनी १८७६ मध्ये निर्यातीचा व्यवसाय सुरू केला आणि १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावी निप्पॉन तोकी काइशा हा कारखाना काढला. पाश्चात्त्य पद्धतीचा पूर्ण डिनर सेट जमायला त्यांना दहा वर्षं लागली. मोठी ताटली भट्टीत वाकडी न होता सपाट उतरणं हीच मोठी अडचण होती. १९१४ मध्ये ते साधलं. पुढे अनेक दशकं नोरिताकेचे शिक्के बदलत गेले आणि त्यांच्या तारखा चांगल्या नोंदवलेल्या आहेत. नवशिक्याने हात बसवायला याहून चांगली जागा नाही.

जपानी अक्षरांचे शिक्के वाचता येत नाहीत म्हणून घाबरू नका, चित्र म्हणून लक्षात ठेवा. लाल किंवा सोनेरी रंगात हाताने लिहिलेली दोन अक्षरं, पहिलं अगदी दोनच फटकाऱ्यांचं आणि दुसऱ्याच्या पोटाशी छोटा चौकोन, म्हणजे बहुधा 'कुतानी'. एकाच चौकटीत कोंबलेलं एक दाट अक्षर म्हणजे पुष्कळदा 'फुकु', सौभाग्याचं चिन्ह. ते कारखान्याचं नाव नव्हे. तीन-तीनच्या दोन ओळींत सहा अक्षरं असतील, तर तो चीनच्या मिंग काळातल्या छेंगह्वा बादशहाचा शिक्का असू शकतो. जपानमधल्या आरिता गावच्या कारागिरांनी तो शेकडो वर्षं आदराने किंवा सवयीने वापरला. असा शिक्का दाखवून 'पंधराव्या शतकातलं आहे' असं कुणी सांगितलं, तर वस्तू खाली ठेवावी.

आता शिक्क्याच्या भोवती पाहा. वस्तू ज्या कड्यावर उभी राहते, तिथे झिलई नसते आणि खरी माती उघडी दिसते. पोर्सेलीन असेल तर ती पांढरी, घट्ट आणि बारीक असते. तिथे पाण्याचा थेंब ठेवला तर तसाच राहतो. साधी भाजलेली माती असेल तर थेंब हळूहळू शोषला जातो. कप मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा आणि आतून बोट फिरवा. बोटाची सावली दिसली तर पोर्सेलीन, नाही दिसली तर माती किंवा फार जाड काम. मोठ्या जुन्या आरिता ताटलीच्या तळावर तीन, चार किंवा पाच बारीक खरखरीत ठिपके असतील तर आनंद माना. भट्टीत ताटली मध्यभागी खचू नये म्हणून तिला खालून मातीच्या छोट्या सुळक्यांचा आधार देत, त्यांच्या त्या खुणा. चिनी ताटल्यांवर त्या सहसा नसतात.

माती, भट्टी आणि रंग

जपानमध्ये पोर्सेलीन सुरू झालं ते क्यूशू बेटावरच्या आरिता गावी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी १५९२ ते १५९८ दरम्यान जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना सरदारांनी तिथले कुंभार सोबत आणले. परंपरा सांगते की त्यांच्यातल्या री साम्पेई नावाच्या कारागिराला आरिताच्या इझुमियामा डोंगरात योग्य दगड सापडला. ते साल १६१६ धरतात आणि २०१६ मध्ये आरिताने त्याची चारशे वर्षं साजरी केली. माल जवळच्या इमारी बंदरातून जायचा, म्हणून जगाने त्याला इमारी नाव दिलं.

तो जगभर गेला यामागे चीनमधली उलथापालथ होती. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, चिंगदेझेनच्या भट्ट्यांचं काम विस्कळीत झालं आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने नागासाकीच्या देजिमा बेटावरून जपानी मालाकडे मोर्चा वळवला. १६५९ मध्ये कंपनीने आरिताकडे एकाच वेळी पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. एका खेड्यासाठी हा आकडा अवाढव्य होता. याच कंपनीची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यात होती आणि तिचे पडके अवशेष आजही पाहता येतात. कोकणात जाणाऱ्या सोलापूरकराने थोडी वाट वाकडी करून ती वखार पाहावी. ज्या व्यापाराने आरिताचं नाव युरोपात नेलं, त्याचाच एक धागा आपल्या किनाऱ्याला लागलेला होता.

प्रकार बरेच आहेत, पण सुरुवातीला थोडेच ध्यानात ठेवले तरी पुरतं. निळा, लाल आणि सोनेरी अशा तीन रंगांनी भरगच्च भरलेली ती इमारी. दुधी पांढऱ्या अंगावर भरपूर जागा मोकळी सोडून एका बाजूला फांदी, पक्षी किंवा फुलं काढलेली ती काकिएमोन. साकाइदा काकिएमोन हे नाव त्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालतं. चौदावे काकिएमोन २०१३ मध्ये वारले आणि आता पंधरावे काम करतात. जर्मनीतल्या माइसनच्या कारखान्याने १७१० नंतर याच शैलीच्या कित्येक नकला केल्या, त्याही आज मोलाच्या मानल्या जातात. नाबेशिमा हा सरदारांच्या भेटींसाठीचा खास माल. त्याच्या तळाच्या कड्याबाहेर निळ्या रेघांची फणीसारखी ओळ असते. तो त्या काळी विक्रीला नव्हताच, त्यामुळे आपल्या बाजारात जुना नाबेशिमा दिसला तर शंभरदा विचार करा. कुतानी हे कागा प्रांतातलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली लाल-सोनेरी कुतानी निर्यातीसाठीच बनत असे आणि ती भारतातही भेटते.

सात्सुमाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. सात्सुमा पोर्सेलीन नव्हे. ती हस्तिदंती रंगाची माती आहे, तिच्या झिलईवर बारीक भेगांचं जाळं असतं आणि वर अतिशय नाजूक सोनेरी चित्रकाम. १८६७च्या पॅरिस आणि १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनांनंतर युरोपात तिची लाट आली. मागणी वाढली तशी घाईची, जाडसर, स्वस्त सात्सुमा निघू लागली आणि पुढे तिच्या नकला चीनमध्येही झाल्या. वर्तुळात फुली असलेला शिमाझु घराण्याचा शिक्का यातल्या बहुतेकांवर आढळतो, म्हणून त्या शिक्क्याला किंमत देऊ नका. भिंग घ्या आणि चेहरे पाहा. चांगल्या कामात नखाएवढ्या चेहऱ्यावरही भुवया, ओठ आणि वयाचा फरक दिसतो. घाईच्या कामात सगळे चेहरे सारखे असतात.

आता रंगांकडे, कारण खरेदीच्या वेळी त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. इमारीचा निळा रंग कोबाल्टचा. तो कच्च्या वस्तूवर काढतात, त्यावर झिलई चढते आणि मग वस्तू सुमारे १३०० अंशांवर भाजली जाते. निळा रंग झिलईच्या खाली कायमचा बंद होतो. लाल, हिरवा आणि सोनेरी रंग त्यानंतर झिलईच्या वरून चढवतात आणि पुन्हा कमी तापमानावर पक्के करतात. त्यामुळे वापरात निळा तसाच राहतो, लाल आणि सोनेरी मात्र झिजतात. वापरलेल्या जुन्या ताटलीत ही झीज जिथे हात लागतो तिथे, म्हणजे काठावर आणि उंचवट्यांवर, असली पाहिजे. खोलगट कोपऱ्यातलं सोनं गेलं आहे आणि काठावरचं चकाकतं आहे, असं दिसलं तर कुणीतरी मुद्दाम घासलं आहे किंवा नंतर मुलामा दिला आहे.

निळ्या रंगाची छटाही काळ सांगते. जुना नैसर्गिक कोबाल्ट थोडा राखाडी किंवा जांभळट उतरतो. १८७० मध्ये गॉटफ्रीड वाग्नर हा जर्मन रसायनतज्ज्ञ आरिताला आला आणि पाश्चात्त्य कृत्रिम कोबाल्टचा वापर शिकवू लागला. त्यानंतरचा निळा झगझगीत, सपाट आणि डोळ्यांत भरणारा आहे. त्याच काळात कागदी साच्यातून आणि पुढे छापील कागदावरून नक्षी उतरवण्याची पद्धत आली. भिंगातून पाहिलं की नक्षीचे दोन तुकडे जिथे भेटतात तिथे जोड चुकलेला दिसतो. हा दोष समजू नका. तो वस्तूचा काळ सांगणारा पुरावा आहे आणि साध्या माणसांच्या रोजच्या वापरासाठी बनलेल्या त्या ताटल्या मला फार आवडतात. मोठ्या संग्राहकांचं त्यांच्याकडे लक्ष नसतं, त्यामुळे त्या अजून परवडतात.

जुन्या वाड्यांच्या निमित्ताने एक वेगळी गोष्ट सांगून ठेवतो. १९२० आणि १९३०च्या दशकांत अवाजी बेटावरच्या दान्तो काइशासारख्या कारखान्यांनी खास हिंदुस्थानासाठी रंगीत उठावाच्या फरश्या बनवल्या. काहींवर लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण आहेत आणि ती चित्रं रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून घेतलेली आहेत. त्यांची माती पोर्सेलीनची नसते, पण जपानी मातीकामाचा आणि आपल्या घरांचा इतका थेट संबंध दुसऱ्या कशातच नाही. देव्हाऱ्याच्या भिंतीत, जोत्यावर, जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर त्या शोधा. वाडा पाडला जात असेल तर ठेकेदाराने घण घालण्याआधी मालकाशी बोला. सैल झालेली फरशी पाठीमागून पातळ पातीने सोडवता येते आणि तिच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठावात मिळतं.

आधी पाहा, मग घ्या

खरेदीआधी डोळा तयार व्हायला हवा आणि तो चांगल्या वस्तू पाहूनच होतो. सोलापूरकरांना यासाठी हैदराबाद जवळ पडतं. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी जमवलेल्या वस्तूंचं सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये सुरू झालं. लोक तिथे संगीत घड्याळाभोवती गर्दी करतात आणि निघून जातात. तुम्ही जपानी दालनात जा. सात्सुमा आणि इमारी एकाच भेटीत पाहिल्या की माती आणि पोर्सेलीन यांतला फरक पुन्हा कुणाला विचारावा लागत नाही. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी कलेचं दालन आहे. हे संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं आणि सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांचे संग्रह तिथे आले. एका भारतीयाने कोणत्या नजरेने निवड केली हे तिथे शिकता येतं. दोन्ही ठिकाणी एकाच वस्तूसमोर बराच वेळ उभं राहा. वहीत तिचं चित्र काढा, कितीही वाकडं आलं तरी. काढताना हात जिथे अडतो, तिथे कारागिराने काय केलं आहे ते दिसतं.

बाजारात उतरताना खिशात भिंग, टॉर्च आणि नोटा तपासायचा छोटा जांभळा दिवा असावा. अंधाऱ्या कोपऱ्यात तो दिवा टाकला की नव्या गोंदाने किंवा रंगाने केलेली डागडुजी मूळ झिलईपेक्षा वेगळी चमकते. कप तळहातावर ठेवून नखाने हलकेच वाजवा. निकोप कप स्वच्छ आणि लांब वाजतो, तडा असलेला बोदा. कान, किटलीचं तोंड आणि झाकणाची बोंडी ही तुटायची ठिकाणं, ती आधी तपासा. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर चोर बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा आणि पहिल्या फेरीत काहीच घेऊ नका. इंटरनेटवर घेणार असाल तर तळाचा, कड्याचा आणि काठाचा जवळून काढलेला फोटो मागा. विक्रेता तो देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

सेट पूर्ण असण्याचा हट्ट धरू नका. सहा बश्या आणि चार कप अशा अर्धवट सेटला विक्रेते फार किंमत लावत नाहीत आणि सोलापूर, बार्शी, पंढरपूर इथल्या जुन्या घरांतून त्याच नक्षीचे सुटे कप पुढे मिळू शकतात. एकाच प्रकारचा माल एकाच बंदरातून आणि एकाच रेल्वेने आलेला आहे, हे लक्षात ठेवा. निवड मात्र आखून करा. एक नक्षी, एक कारखाना, एक प्रकारची वस्तू किंवा एकच शिक्का. वीस विचारपूर्वक घेतलेल्या बश्यांचा संग्रह होतो, दोनशे कशाही जमलेल्या वस्तूंचं फक्त ओझं होतं.

प्रवासात वस्तू आणायला सोलापुरी टेरी टॉवेलइतकं चांगलं वेष्टण नाही. आधी मऊ पातळ कागद, मग टॉवेल आणि कपाच्या पोटात कागदाचा बोळा. ताटल्या आडव्या ठेवू नका, पेटीत उभ्या लावा.

सोलापूरच्या घरात सांभाळताना

आपलं पाणी जड. जुनी कपबशी धुऊन तशीच वाळवली की पांढरे डाग बसतात आणि ते काढायला आपण जोरात घासतो, त्यातच सोनं जातं. धुण्यासाठी कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब पुरे. शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या आणि लगेच सुती फडक्याने टिपा. प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरून एका वेळी एकच वस्तू धुवा. राख, तारेची घासणी, चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची पावडर, ब्लीच यांपैकी काहीही लावू नका. चहाचे जुने डाग खाण्याच्या सोड्याच्या ओल्या लेपाने निघतात, पण तो लेप सोनेरी काठापासून दूर ठेवा. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर तर नकोतच.

झिलईवरून रंगवलेल्या जुन्या भांड्यांत शिशाचा अंश असू शकतो. त्यांत ताक, कढी, सोलकढी, लोणचं असं आंबट काही वाढू किंवा साठवू नका. चहा पिण्याची हौस असेल तर ज्यांच्या आत रंग नाही, फक्त पांढरी झिलई आहे, असे कप वापरा.

उन्हाळ्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो. पोर्सेलीनला त्याचं काही वाटत नाही, पण जुन्या जोडातला गोंद मऊ होतो आणि किटलीचा कान अचानक हातात येतो. सांधलेल्या वस्तू पश्चिमेच्या भिंतीवर किंवा खिडकीजवळ ठेवू नका आणि त्या कानाने कधीच उचलू नका. फुलदाण्या आणि उभ्या बाहुल्या यांच्या तळाला संग्रहालयांत वापरतात तसं मेण किंवा पुट्टी लावून त्या फळीला चिकटवा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप ज्यांनी अनुभवला, त्यांना याचं कारण समजावून सांगावं लागणार नाही.

फुटलेली वस्तू फेकू नका आणि घाईने चिकटवूही नका. तुकडे वेगवेगळ्या कागदात गुंडाळून एका डब्यात ठेवा. सोन्याच्या रेघेने सांधण्याची किन्त्सुगी पद्धत सध्या फार बोलली जाते. खरी किन्त्सुगी उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने करतात. ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं आहे आणि कच्चा चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. शिवाय तो वाळायला ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते, सोलापूरच्या मे महिन्यात तो नीट घट्ट होणारच नाही. बाजारातल्या तयार संचांत बहुधा साधा इपॉक्सी आणि सोनेरी भुकटी असते. शोभेच्या वस्तूला ते चालेल, खाण्यापिण्याच्या भांड्याला नाही. मौल्यवान वस्तू असेल तर संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

प्रत्येक वस्तूसाठी वहीत एक पान ठेवा. मोजमाप, तळाचा फोटो, कुठून आणि कितीला घेतली, कोणते दोष आहेत हे तर लिहाच. घरातून आली असेल तर आजी, आत्या, मावशी यांना विचारून घ्या: कुणाच्या रुखवतात आली, कोणत्या दुकानातून, नोकरीला मुंबईला असलेल्या कुणी आणली का. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा आणि ज्या दिवशी ऐकलं ती तारीख घाला. ही माहिती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही आणि ती जमवण्याचं काम पुढे ढकलू नका.

शेवटी कायद्याचं. १९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. त्यामुळे जुनी वस्तू घेताना पावती मागा आणि ती वहीच्या त्याच पानाला जोडा. अमेरिकेतल्या मुलीकडे जाताना पणजीचा जपानी टी-सेट सामानात घालायचा विचार असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. वस्तू पुरावशेष नाही असा दाखला तिथे तपासणीनंतर मिळतो आणि तो हातात आल्यावरच बॅग भरा.